वजा पोटॅशियम

अरुणा : ...आणि हे बघा कुंदनशेठ, बरणी क्रमांक चार. पोटॅशियम, किलोला वजा एकशे वीस बेकरेल. वजा. तीस वर्षं सरकारी नोकरीत मी किरणोत्सार मोजला, त्यात केस पांढरे केले, पण किरणं गिळणारा कोळसा आज पहिल्यांदा बघतेय.

कुंदन : मला त्यातला काय कळत नाय, म्याडम. पन कोळसेवाला सकाळी फोनवर हसत होता. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. हसला तो. बोल्ला, शेठ, तुमच्या मशिनजवळ माझा कोळसा नेला की कमी होतो का?

अरुणा : बरोबर हसला. मीही हसले असते, खाली माझी सही नसती तर.

कुंदन : पन वजा येतो कसा?

अरुणा : तुम्ही वाण्याकडून डबाभर डाळ आणता. वाणी आधी रिकामा डबा तोलतो, मग डाळीसकट तोलतो आणि डब्याचं वजन वजा करतो. आपण इथे तेच करतो, फक्त डाळीपेक्षा महाग यंत्राने. खाणीतल्या कोळशात रेडियम, थोरियम, पोटॅशियम असतंच, चिमूटभर, निसर्गाने घातलेलं. पण किरणं भिंतीतून येतात, जमिनीतून येतात, तुमच्या-माझ्या अंगातूनही येतात. म्हणून आधी रिकामी बरणी मोजायची. तुमच्या त्या पोरीने रिकामा डबाच डाळीच्या डब्यापेक्षा जड तोलून ठेवलाय.

कुंदन : रिकामा डबा जड कसा भरेल?

अरुणा : हा प्रश्न तुम्हाला पडतो, तिला पडला नाही. एमएस्सी आहे म्हणे. कुठल्या कॉलेजात वाटतात कोण जाणे.

कुंदन : लोकं हसतायत आधीच. करावे गावात अजून बोलतात, काशीच्या पोराने जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्याच्या प्लॉटवर टॉवर उभा करायचा सोडून शिशाची पेटी इकत घेतली, तिच्यात दगडी कोळसा ठेवतो आनि बघत बसतो. आता त्यांना सांगू काय, की पेटी वजा दाखवते?

अरुणा : त्यांना काही सांगू नका. कोळसेवाल्याला मी सकाळीच मेल टाकलाय. 'एका कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे आकडे चुकले, सुधारित अहवाल पाठवत आहोत.' तिचं पत्र टाइप झालं का?

कुंदन : झालाय. 'कामात हलगर्जीपना, सबब आजपासून सेवा समाप्त.' बोलवलाय तिला. आलीच बघा.

संघप्रिया : आत येऊ, मॅडम?

अरुणा : ये. उभी राहा, बसायला वेळ लागणार नाही. हा कागद ओळखतेस?

संघप्रिया : हो. कालचे आकडे. सहा बरण्या.

अरुणा : आणि हे वजा काय आहे? नवीन शोध लावलास?

संघप्रिया : तेच विचारायला मी काल हा कागद तुमच्या टेबलवर ठेवला होता.

अरुणा : विचारायला. चार वर्षं झाली तुला इथे. इतक्या दिवसांत आमच्या शिपायालासुद्धा कळलं असतं.

संघप्रिया : सर, हे पाकीट माझं आहे का? माझ्या नावाचं?

कुंदन : हां. घे. वाच आनि सही कर. जास्ती बोलून काय फायदा नाय.

संघप्रिया : ...हे घेऊन मला दुसरी कुठली लॅब दारात उभी करणार नाही, सर. कोपरखैरणेला घरात पगार माझा एकटीचा. बाबांची तुर्भ्याची फॅक्टरी बंद पडली तेव्हापासून. सही करायच्या आधी पाच मिनिटं बोलू का?

अरुणा : बोल. पाच म्हणजे पाच.

संघप्रिया : कोळसा मी स्वतः कुटला. चाळला, ओव्हनमध्ये वाळवला. बरण्या सील करून तीस दिवस ठेवल्या, एक दिवस कमी नाही.

कुंदन : तीस दिवस. मी तवाच बोल्लो होतो, कोळशाचं लोनचं घालतात का? कोळसेवाला रोज इचारायचा, मुरलं का, मुरलं का.

संघप्रिया : सर, कोळशातल्या रेडियमपासून एक गॅस बनतो, तो बरणीत साचायला तेवढे दिवस लागतात. मध्ये झाकण उघडलं तर गॅस जातो नि रेडियम कमी दिसतं. आता मॅडम, तुम्ही बघा. रेडियम किलोला बावीस. थोरियम अठ्ठावीस. सहाही बरण्यांत दोन-तीन इकडेतिकडे. बरोबर आहेत ना?

अरुणा : बरे आहेत. मग?

संघप्रिया : मी निष्काळजी असते तर तिन्ही बिघडले असते. एकटं पोटॅशियम कसं बिघडेल?

अरुणा : वा. वकिलीचीही डिग्री आहे वाटतं.

संघप्रिया : रिकामी बरणी मी मंगळवारी संध्याकाळी सातला लावली, शनिवारी सकाळी दहाला बंद केली. बुधवारी खंडेनवमी, गुरुवारी दसरा, शुक्रवारी लॅब बंद. कुणी कामाला येणार नाही, पेटीचं दार उघडणार नाही, म्हणून तेच दिवस धरले. मागच्या महिन्यात रिकाम्या बरणीला पोटॅशियमचे ताशी साठ ठोके आले होते. या वेळी ताशी दोनशे चाळीस. हे रजिस्टर. आज सकाळी दोन्ही आकडे शेजारी ठेवले तेव्हा दिसलं.

अरुणा : आज सकाळी. आणि शनिवारी डोळे कुठे होते?

संघप्रिया : शनिवारी नाही बघितलं. मागचा आकडा काढून पडताळायला हवा होता. कॉम्प्युटर आपोआप वजा करतो, मी करू दिलं. ती चूक माझी. ती लिहा, तिच्यावर मी सही करते. पण काल वजा आलं तेव्हा मी कागद पुढे ढकलला नव्हता. मी कॅन्टीनला जाऊन आले, तर टेबलवर कागदच नाही.

कुंदन : कोळसेवाला तीन टायमाला फोन करून बसलेला. मी उचलला कागद. म्याडमची सही घेतली, फोटो मारला, पाठवला. मला काय सपान पडलेला, त्याच्यात वजा हाय म्हनून?

अरुणा : मी निघाले होते. लिफ्टचं दार उघडं होतं.

संघप्रिया : हो, वॉचमन सांगत होता. सरांच्या पाठीवर कागद ठेवून सही केलीत.

अरुणा : वॉचमनला लॅबच्या कारभाराची फार माहिती दिसते. ठीक आहे, मी वाचलं नाही. अठरा आकडे उभ्या-उभ्या कोण वाचतं? माझ्या हाताखालच्या माणसाने नीट काम केलंय या विश्वासावर सही केली. तो विश्वास मूर्खपणाचा ठरला. तुझी पाच मिनिटं संपत आली.

संघप्रिया : मॅडम, ताशी साठाचे दोनशे चाळीस आपोआप होत नाहीत. त्या चार दिवसांत पेटीत काहीतरी होतं. पोटॅशियम असलेलं काहीतरी.

अरुणा : काय होतं? पन्नास मिलिमीटर जाड शिशाची पेटी, शंभर किलोचं दार. त्यातून कोण गेलं? भूत?

संघप्रिया : मला नाही माहीत. मी इथे नव्हते. मी मंगळवारी रात्रीच्या गाडीने दीक्षाभूमीला गेले होते, नागपूरला. शुक्रवारी निघून शनिवारी सकाळी थेट लॅबमध्ये आले.

कुंदन : हां, नागपूर. आमी पूजा मांडायची आनि हिने सुट्टी टाकायची. दरवर्षी.

संघप्रिया : दरवर्षी, सर. जॉइन होतानाच सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणाला होतात.

कुंदन : सुट्टीचा मी कदी बोल्लो काय? मला लागला ते येगळाच. सनिवारी तू आलीस, माझी आई इथं जिन्यापाशी उभी. आपल्या हाताने केळा काढून तुला द्यायला गेली, तर तू म्हनलीस 'नको काकी'. म्हातारी बाई, गुडघे दुखतात, लिफ्ट बंद होती तरी दोन जिने चढून आलेली. घरी येऊन जेवली नाय ती. केळा म्हंजे केळाच ना? त्याच्यात काय इख होता?

संघप्रिया : काकींना वाईट वाटलं असेल तर मी त्यांना घरी येऊन भेटेन. पण प्रसाद मी घेत नाही, सर. आदल्या दिवशीच दीक्षाभूमीवरून निघाले होते, आणि दुसऱ्या दिवशी... नाही जमलं. काकी चहा देतात तो मी रोज घेते.

अरुणा : तुमचे धार्मिक तंटे तुम्ही बाहेर मिटवा. माझ्या खोलीत केळ्यांवरून...

संघप्रिया : सर, एक मिनिट. ते केळं कुठलं होतं?

कुंदन : कुठला म्हंजे? पूजेतला. खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात, आमच्याकडे पहिल्यापासून. आजाची होडी होती तवा होडीची, वल्ह्याची, जाळ्याची. आता जाळी गेली, मशिन हाय तर मशिनची. पाच फळं, नारळ, झेंडूचा हार.

संघप्रिया : पूजा मांडली कुठे?

कुंदन : मशिनपाशी. दुसरी कुठं मांडतील?

संघप्रिया : पाशी की आत?

कुंदन : ...मी हार घालून खाली आलो. बाकीचा आईने केला.

अरुणा : मूर्खपणा. आत कशाला ठेवतील?

संघप्रिया : सर, काकींना फोन लावता का?

कुंदन : आईला यात घ्यायचा नाय.

संघप्रिया : मी काहीच बोलणार नाही. तुम्हीच विचारा. फक्त कुठे मांडली, ते.

कुंदन : ...लावतो. हां, आई. काय नाय गो, जेवलो. आई, नवमीची पूजा तू कुठं मांडलीस? नाय, तसा नाय, फळं कुठं ठेवलीस?... हां... कोनी उघरून दिला तुला?... वॉचमनने. बरा. कती केळी होती?... फनीच अखी? आनि नारल... कवा काढलीस?... बरा. आनि दारावरचा कागद?... कोनाला?... काय बोल्ली ती?... नाय नाय, तुझी कायच चूक नाय. जप तू. ठेवतो.

अरुणा : काय झालं?

कुंदन : आत ठेवली होती.

अरुणा : शिशाच्या पेटीत?

कुंदन : आई बोल्ली, भायेर उंदीर हायत, फळं खातील. आनि पेटीला दार हाय, आत मधोमध ती उभी चकचकीत दांडी हाय, तिला देव्हाऱ्यासारखाच दिसला. दांडीवर रिकामी बरनी होती, तिला हात नाय लावला. आजूबाजूला फळं मांडली, केळ्यांची अखी फनी, नारळ. हळदकुंकू लावला, दार लावून घेतला. नवमीला मांडलेला दसरा होईपर्यंत हलवायचा नसतो. सनिवारी सकाळी येऊन काढला. तोच प्रसाद वाटत होती.

संघप्रिया : मी बंद करायला वर चढायच्या आधी. म्हणजे पूर्ण तीन दिवस.

अरुणा : केळ्यांची फणी. म्हणजे डझनभर केळी आणि नारळ. खच्चून पोटॅशियम. धन्य आहे. अख्ख्या आशियात असा प्रकार झाला नसेल. यंत्र घेतलंत कोट्यवधीचं आणि त्यात फळफळावळ ठेवता. कुंदनशेठ, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ही असली थेरं लॅबमध्ये नकोत. यंत्राला कुंकू लावलं की ते जास्त अचूक मोजतं, असं कुठल्या पोथीत लिहिलंय? काशीबाई अडाणी आहेत, त्यांचं सोडा, पण तुम्ही तरी...

कुंदन : म्याडम. जरा थांबा.

अरुणा : का थांबू? दारावर कागद लावलेला असतो मोजणी चालू असताना. तोही दिसला नाही?

संघप्रिया : लावला होता. लाल अक्षरात. 'मोजणी चालू, उघडू नये.'

कुंदन : आईला वाचता येत नाय. पन कागद तिला दिसला. कायतरी लिवलेला हाय, मंजे कायतरी असेल, म्हनून तिने दाराला हात लावायच्या आधी फोन केला. मला नाय, मला काय कळतो. तुमाला केला.

(अरुणा हातातला कागद टेबलवर ठेवतात.)

कुंदन : बोल्ली, बाईंना इचारला, दारावर कागद हाय, उघडू का, आत पूजा मांडू का. बाई हसल्या नि बोल्ल्या...

अरुणा : मला आठवतंय मी काय म्हणाले.

संघप्रिया : काय म्हणालात, मॅडम?

अरुणा : म्हणाले, देव आत बसवा नाहीतर बाहेर, यंत्राला काडीचा फरक पडत नाही.

संघप्रिया : देवाने नाही पडत. केळ्याने पडतो.

अरुणा : ते मला शिकवू नकोस.

संघप्रिया : कागद कसला आहे, ते विचारलं नाहीत?

अरुणा : नाही. मी भाचीकडे जेवायला बसले होते. त्यांनी पूजा म्हटलं आणि मी पुढचं ऐकलंच नाही. मला वाटलं, एक बाई कुंकू लावायची परवानगी मागते आहे. गंमत वाटली. पानावर बसल्या-बसल्या सगळ्यांना सांगितलीसुद्धा. सगळे हसले.

कुंदन : आई नाय हसली. ती बोल्ली, बाई शिकलेली हाय, हो बोल्ली मंजे चालत असेल.

अरुणा : कळलं, कुंदनशेठ.

कुंदन : ये पोरी, दे ते पाकीट इकडं. फाडतो. झाला, मिटला. तू जा कामाला. कोळसेवाल्याला आपन कायतरी सांगू. लाइटचा लोचा झाला, व्होल्टेज वरखाली झाला. इथं महाप्याला लाइट जातेच, तो पन मानेल.

संघप्रिया : नाही, सर.

कुंदन : आता काय नाय? नोकरी राहिली ना तुझी?

संघप्रिया : सकाळी मॅडमचा मेल गेलाय. 'कनिष्ठ कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.' मोजणीच्या कामात आपण तिघंच. कनिष्ठ म्हणजे कोण, हे कळायला कोळसेवाल्याला गणित लागत नाही. आणि महाप्याच्या सगळ्या लॅबवाले एकाच टपरीवर चहा पितात. उद्या दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत असेल. पाकीट फाडून ते फाटत नाही.

कुंदन : मग काय, पेपरात छापू? आईचा नाव मी कुठं येऊ देनार नाय, सांगून ठेवतो.

संघप्रिया : काकींचं नाव कशाला येईल? तुम्ही, मी आणि मॅडम, तिघांपैकी कुणी थांबून विचारलं नाही. त्या एकट्या थांबल्या.

अरुणा : ती बरोबर बोलतेय. काशीबाईंनी विचारलं होतं. नाव परवानगी देणारीचं येईल.

कुंदन : म्याडम, तुमी टेक्निकल हेड. तुमचा नाव गेला तर लॅबची इज्जत काय राहते? पोरीचा कसा, लोक इसरतात...

अरुणा : कुंदनशेठ, तुम्ही आता गप्प बसा. सकाळी मी हिच्यावर ठपका ठेवला तेव्हा गप्प होतात, तसेच. रजिस्टर इकडे दे. पेन आहे?

संघप्रिया : घ्या.

अरुणा : मेल नंतर टाकते, आधी इथे लिहिते. 'रिकाम्या बरणीची पार्श्वभूमी मोजणी चालू असताना शिशाच्या पेटीत एक फणी केळी व एक नारळ ठेवण्यात आला...' कसं वाचलं जाणार आहे हे. उद्या ऑडिटला येणारा माणूस माझा विद्यार्थी आहे.

संघप्रिया : बाकीची तीन फळंही लिहा. त्यातही थोडं असतं.

अरुणा : 'व इतर तीन फळे.' बरं. 'त्यामुळे पोटॅशियमची पार्श्वभूमी चौपट आली. पेटी उघडण्याची परवानगी निम्नस्वाक्षरीकर्तीने दारावरील सूचनेची चौकशी न करता दूरध्वनीवरून दिली.' झालं समाधान?

संघप्रिया : पुढे माझं पण लिहा. आधीच्या महिन्याचा आकडा पडताळला नाही, ते.

अरुणा : ते कशाला? कुणी विचारत नाहीये.

संघप्रिया : झालंय म्हणून. आणि अहवाल न वाचता सही झाली, तेही.

अरुणा : ...'अहवालावर न वाचता सही केली.' लिहिलं. तुला माझ्याबद्दल अजून काही लिहून घ्यायचं असेल तर आत्ताच सांग, परत पेन हातात घेणार नाही मी.

संघप्रिया : नाही, मॅडम. एवढंच झालंय, एवढंच लिहायचं. बरण्या सील आहेत, कोळसा परत मुरवायला नको. रिकामी बरणी आज परत लावते. दोन दिवसांत खरा आकडा येईल. चाळीसच्या आसपास यायला हवा.

कुंदन : चाळीस मंजे चांगला की वाईट?

संघप्रिया : चाळीस म्हणजे चाळीस, सर. कोळसा आहे तो.

अरुणा : आता शेवटचं वाक्य. 'सकाळच्या पत्रात ज्या कर्मचाऱ्यावर ठपका ठेवण्यात आला, त्या कुमारी...' हे नावानिशीच लिहायला हवं, नाहीतर अर्थ नाही. कुमारी संघप्रिया... पुढे काय लावतेस तू? वडिलांचं नाव, आडनाव?

संघप्रिया : कुठल्याही जुन्या रिपोर्टवरून उतरवून घ्या, मॅडम. चार वर्षं तुमच्या सहीच्या वरच्याच ओळीत आहे.